दिसले नाही म्हणून नाही काय?

एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणण्याचा अधिकार आपणांस केव्हा प्राप्त होतो? आपल्याकडील भाट्ट मीमांसकांनी व वेदान्त्यांनी या प्रश्नाचा पुष्कळ खल केला आहे. भूतलावर घडा नाही, हे ज्ञान ज्या प्रमाणाने होते त्यास ते अनुपलब्धी म्हणतात. परंतु त्याबरोबर एक अटही घालतात. घडा तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसणे हा घडा नसल्याचा पुरावा नव्हे. ही अट वरवर पाहता केवळ पोथीतली वाटते. परंतु ती सुटली असता एका समाजाच्या तोंडचा घास कसा जाऊ पाहतो, हे अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील एका प्रकरणावरून ध्यानी येते.

तेथील बर्फाळ समुद्रात बोहेड नावाचा देवमासा राहतो. १८४८ साली अमेरिकन शिकारी जहाजे बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून त्याच्या मागे लागली, आणि तेल व तोंडातील लवचीक पट्ट्या यांच्या लोभाने साठ-सत्तर वर्षांत त्यांनी त्याचा जवळजवळ निःपात केला. किनाऱ्यावरील इनुपियात लोक त्याच्याही शेकडो वर्षे आधीपासून अन्नासाठी त्याची शिकार करीत आले होते. १९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने, हे प्राणी फार तर एक-दोन हजार उरले असावेत या समजुतीने, त्यांचीही शिकार बंद ठरविली. वर्षअखेर टोकियोच्या बैठकीत तडजोड होऊन १९७८ साठी बारा देवमासे किनाऱ्यास आणण्याची किंवा अठरांवर भाला टाकण्याची मुभा मिळाली, इतकेच.

हा आकडा आला कोठून? वसंतात पॉइंट बॅरोजवळ बर्फ फाटून पाण्याच्या वाटा मोकळ्या होतात. बर्फाच्या कडेवर बसून, त्या वाटांनी जाणारे देवमासे नजरेने टिपावयाचे, अशी ती गणना होती. इनुपियात शिकाऱ्यांचे म्हणणे निराळे होते. वाट मिटली म्हणून देवमासा थांबत नाही; तो बर्फाखालून जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो, आणि नजरेपलीकडे, दूर समुद्रातूनही जातो. हॅरी ब्रोवर या जाणत्या शिकाऱ्याने संशोधकांस हे बारकाईने समजावून दिले.

मग १९८० नंतरच्या दशकात क्रिस्टोफर क्लार्क प्रभृतींनी बर्फाच्या कडेने पाण्यात हायड्रोफोन सोडले. एकच हाक निरनिराळ्या यंत्रांवर किंचित मागेपुढे पोहोचते. त्या फरकावरून हाक देणारा कोठे होता हे काढता येते. दहा हाका म्हणजे दहा प्राणी नव्हेत, म्हणून हाकांचा माग जुळवावा लागतो. आणि मुकाट्याने जाणारा तर कानांसही चकवितो. यास्तव पाहणे व ऐकणे या दोहोंचा मेळ घालूनच गणित मांडले गेले. वाट मिटलेली असतानाही खालून हाका येतच होत्या! १९९३ च्या गणनेचा अंदाज सुमारे आठ हजारांचा, २००१ चा दहा हजारांवर आणि २०११ चा सोळा हजारांवर गेला. ही सगळी वाढ कानांची नव्हे, हे सांगितले पाहिजे; मधल्या काळात प्राणीही खरोखरच वाढत होते.

आयोगास आम्ही दुष्ट म्हणणार नाही. एकदा संपलेला वंश परत आणता येत नाही, आणि त्या दशकात शिकार वाढून घायाळ देवमासे निसटण्याचे प्रमाणही चिंताजनक झाले होते. सावधगिरी योग्यच होती. आमचा आक्षेप एवढाच, की डोळ्यांस न दिसलेले जणू नाहीच, असे धरताना त्या समुद्रावर जन्म काढलेल्यांस आधी विचारावयास हवे होते. आमच्यापैकी शाकाहारी वाचकांस ही शिकारच रुचणार नाही. पण जेथे नांगर चालत नाही तेथील अन्नाचा निवाडा आपल्या ताटावरून करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, शिकाऱ्यांचा स्वार्थ होता, त्यांचे वाक्य आप्तवाक्य कसे? शंका रास्त आहे. परंतु स्वार्थ असल्याने बोलणे खोटे ठरत नाही. ते तपासण्याजोगे ठरते, आणि तपासणीस ते लोक कचरले नाहीत. नॉर्थ स्लोप बरो या त्यांच्याच स्थानिक शासनाने गणनेचा भार उचलला, आणि प्राणी इतके वाढल्यावरही शिकारीवरील संख्येची मर्यादा ते आजतागायत पाळीत आले आहेत.