नाही म्हणण्याची मुदत

2019 च्या विधानसभा निवडणुकीत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमध्ये जी लढत झाली, तिची गंमत तालुक्याबाहेर फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. पांडुरंग बरोरा 2014 ला राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आले होते आणि जवळपास पाच वर्षं विरोधी बाकांवर बसले होते. जुलै 2019 मध्ये ते शिवसेनेत गेले. मग शिवसेनेचे जुने आमदार दौलत दरोडा राष्ट्रवादीत आले. माणसं तीच, घड्याळ आणि धनुष्यबाण यांची मात्र अदलाबदल. निकाल त्याहून मजेदार लागला. सत्तेकडे गेलेले बरोरा पडले, विरोधी पक्षात आलेले दरोडा निवडून आले आणि महिनाभरात तो विरोधी पक्षच सरकारात जाऊन बसला. त्याआधी अजित पवारांच्या पहाटेच्या त्या प्रसिद्ध शपथविधीनंतर दरोडा काही काळ कुणाच्या संपर्कात नव्हते आणि आमदार बेपत्ता असल्याची तक्रार शहापूर पोलीस ठाण्यात पोहोचली होती, तेही याच नाटकातलं एक दृश्य.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जून 2022 मध्ये सरकार पडलं, दरोडा विरोधक झाले. 2023 च्या फुटीत ते अजित पवारांबरोबर गेले आणि पुन्हा सत्ताधारी झाले. म्हणजे विरोधी पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून आलेल्या माणसाच्या वाट्याला त्या मुदतीत विरोधी बाक आले ते जेमतेम वर्षभर. 2024 ला पुन्हा हेच दोघे समोरासमोर: दरोडा घड्याळावर, बरोरा राष्ट्रवादीच्या दुसऱ्या गटाच्या तुतारीवर. दरोडा थोडक्यात वाचले.

यावर हसणं सोपं आहे. आसनगावच्या फलाटावर कसाऱ्याच्या गाडीची वाट पाहणारा कुणीही या विषयावर दोन मिनिटांत निकाल देईल आणि त्यात ‘खोके’ हा शब्द हमखास येईल. लोभ नसतोच असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण लोभ सांगलीतही असतो आणि सोलापुरातही. मग काही ठिकाणी माणूस आयुष्यभर विरोधात टिकतो आणि आमच्या ठाण्याच्या ग्रामीण पट्ट्यात तो एक मुदतही धड का काढू शकत नाही?

उत्तराचा एक भाग निधीत आहे. आमदाराचा स्थानिक विकास निधी सर्वांना सारखा, पक्ष कुठलाही असो. पण पाड्यावरचा रस्ता, साकव, सभामंडप, स्मशानशेड हे सगळं त्यातून भागत नाही. खरी कामं येतात ती ‘पंचवीस-पंधरा’मधून, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या 2515 या लेखाशीर्षातून, अर्थसंकल्पातून, जिल्हा नियोजनातून. तिथली चावी मंत्र्याकडे आणि पालकमंत्र्याकडे. 2022 मध्ये सरकार बदलल्यावर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना धडाधड स्थगिती मिळाली, तेव्हा गावोगावच्या सरपंचांना हा धडा पुन्हा गिरवायला मिळाला. मतदार आमदाराला विचारतो, किती कामं आणली? सभागृहात काय बोललास, हे कुणी विचारत नाही. ‘कार्यसम्राट’ ही पदवी बॅनरवर दिसते; ‘प्रश्नसम्राट’ अजून मी कुठे पाहिलेला नाही.

तरीही गणपतराव देशमुख होतेच ना! सांगोल्यातून 1962 पासून अकरा वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे आमदार. 1972 आणि 1995 असे दोन पराभव, 1978 आणि 1999 अशी दोनदा थोड्या काळासाठी मंत्रिपदं. बाकी जवळपास सारी कारकीर्द विरोधी बाकांवर. त्यांच्याविषयी लिहिताना आपण एसटीने फिरणारा साधा माणूस एवढ्यावरच थांबतो. साधेपणा खराच होता, पण नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. त्यांच्यामागे सूतगिरणी होती, सहकारी संस्था होत्या, मंत्रालयाचं दार न ठोठावता चार घरांना आधार देण्याची सोय होती. आणि त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे कमी लक्ष जातं. ते ज्या पाण्यासाठी भांडत होते ते अजून अडवलेलं आणि वाटलेलं नव्हतं. बच्छावत लवादाने दिलेलं कृष्णेचं पाणी सन 2000 च्या आत वापरात आणण्याची घाई राज्याला होती. आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतरावांनी दुष्काळी तालुक्यांचा आवाज उठवला तो नेमक्या त्याच काळात. सरकारला काहीतरी करायचं बाकी होतं, म्हणून विरोधकाच्या शब्दाला वजन होतं.

आता शहापूरकडे या. तानसा धरण 1892 मध्ये पूर्ण झालं. तेव्हा विधानसभा नव्हती, मतदार नव्हता, विरोधी पक्ष तर नव्हताच. मग मोडकसागर, भातसा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकटं भातसा देतं. आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या कसारा, डोळखांब, खर्डीच्या बाजूच्या पाड्यांवर टँकर फिरतात, बाया रात्री विहिरीच्या तळाशी बसून वाटीने पाणी भरतात. दरवर्षी तहसील कचेरीवर हंडा मोर्चा निघतो. त्यात सत्तेबाहेरचा प्रत्येक पक्ष असतो आणि सत्तेत गेल्यावर त्यातला प्रत्येक पक्ष भावली योजनेच्या आढावा बैठकीत असतो. भावली धरण वर इगतपुरीत आहे, तिथून पाणी उताराने आणता येतं. भातशाचं खोलातलं पाणी डोंगरावरच्या पाड्याला चढवायचं तर विजेचं बिल कोण भरणार, हा व्यवहारी प्रश्न असतो. तो खोटा नाही. पण भातसा बांधताना तो कुणी मुंबईला विचारला नव्हता.

माझं म्हणणं इथे आहे. धरण होण्याआधी जो विरोधक असतो, तो धरण झाल्यावर अर्जदार होतो. जे हातातून गेलं त्याबद्दल नकार देता येत नाही, फक्त विनंती करता येते. आणि विनंती करायचीच असेल तर ती सत्तेतल्या पक्षाचा गमछा गळ्यात घालून केलेली बरी, असं कुणाला वाटलं तर तो अगदीच वेडा नव्हे. मुंबईचं पाणी कुठलंच सरकार कमी करणार नाही, मग ते कोणत्याही रंगाचं असो. शहापूरच्या आमदाराला हे पहिल्या अधिवेशनातच कळत असावं. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, म्हणून हा पेच आणखी उघडा पडतो: ज्या ठाकूर-कातकरी वस्त्यांवर टँकर जातो, त्यांच्याच माणसाने मंत्रालयात रांगेत उभं राहायचं.

जिथे हातात काही होतं तिथे चित्र वेगळं दिसलं. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात होत्या तेव्हा शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांनी उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर आणले. जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला, पाच माणसं गेली. पण शहर अजून उभं राहायचं होतं, सिडकोला जमीन हवी होती, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण निघालं. दि. बां.ना त्यासाठी सत्तेत जावं लागलं नाही. शहापुरातही 2016-17 मध्ये समृद्धी महामार्गाविरुद्ध मोजणी अडवली गेली तेव्हा राज्यकर्त्यांना गावोगाव चर्चेला बसावं लागलं आणि थेट खरेदीचा दर पाचपटीपर्यंत गेला. खरेदीखतं झाली, तशी ती ताकद विरली. आज त्या रस्त्यावरून मुंबई-नागपूर गाड्या धावतात आणि शहापूरचा जुना बाधित शेतकरी पुन्हा अर्ज घेऊन फिरतो.

म्हणून मला शेजारच्या मुरबाडची काळू नदी महत्त्वाची वाटते. काळू धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीशिवाय पुढे रेटलं जात होतं. श्रमिक मुक्ती संघटनेने, इंदवी तुळपुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते न्यायालयात नेलं आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. या लढ्याचा कणा कुठलाही आमदार नव्हता. तालुक्यातली विरोधी राजकारणाची सगळ्यात लांब टिकलेली कारकीर्द एका अशा संघटनेची आहे जिला तिकीट नको, निधी नको आणि म्हणून जी कुणाला फोडताही येत नाही. पक्षांना हे बोचतं का, माहीत नाही, बोचायला हवं.

2024 नंतर विधानसभेत कुठल्याच विरोधी पक्षाला 288 च्या दहाव्या हिश्शाइतक्या जागा मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. त्यावर मुंबईत बरीच हळहळ झाली. शहापूर-मुरबाडमध्ये खुर्ची भरलेली असतानाही फार फरक पडला होता असं नाही. इथे आता मोजायचं ते एवढंच की अजून काय द्यायचं बाकी आहे: काळूचं खोरं, शाई नदीचं खोरं, महामार्गालगतच्या उरलेल्या जमिनी. ठाणे, कल्याण, बदलापूरच्या इमारती वाढतील तशी काळूची फाइल पुन्हा टेबलावर येणार. त्या वेळी इथला आमदार कोणत्या पक्षाचा आहे यापेक्षा, खोऱ्यातल्या गावांनी जमिनी द्यायला सह्या केल्या आहेत की नाहीत, यावर त्याला मंत्र्यासमोर तोंड उघडता येईल की नाही हे ठरेल.