राखणीचा खर्च कोणी द्यावा?

आमच्या घरातील काचेच्या कपाटात, पहिल्या कम्युनियनच्या फोटोशेजारी, रक्तातील साखर मोजण्याचे एक यंत्र बरीच वर्षे पडून आहे. आखातातून सुट्टीवर आलेल्या भाच्याने ते आमच्या वडिलांसाठी आणले होते. यंत्राबरोबर पंचवीस स्ट्रिप आल्या होत्या. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा साखर पाहायला सांगितले होते. वडिलांनी त्या पंचवीस स्ट्रिप जवळजवळ वर्षभर पुरवल्या. 'एवढ्या पैशात नातवंडांसाठी काही आणता येईल,' असे ते म्हणत आणि आम्ही हसत असू. शेवटची स्ट्रिप त्यांनी अडीअडचणीला म्हणून राखून ठेवली. अडचण आली तेव्हा तिची मुदत संपून गेली होती. यंत्र भेट दिल्याने आपले कर्तव्य पार पडले असे आम्हा साऱ्या भावंडांना वाटत होते. स्ट्रिप कोण आणतो, हे कोणीही विचारले नव्हते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, आजारी माणसाने स्वतःच्या घरी स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी लागणारी साधने स्वतःच विकत घ्यावीत काय, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. पण तो मुळात नीतीचा आहे. रक्तदाब मोजणारे यंत्र, ऑक्सिमीटर, साधा तापमापक आणि साखरेचे यंत्र या वस्तू आता औषधांच्या दुकानात सहज मिळतात. डॉक्टर त्या लिहून देतात, आणि त्यांचे पैसे रुग्णाने द्यायचे हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

मराठीत या कामाला एक चांगला शब्द आहे: राखण. ज्वारी हुरड्याला आली की शेतकरी माळ्यावर बसून पाखरे हाकतो, रात्री जागतो. ज्याला स्वतः जमत नाही तो राखणदार ठेवतो आणि सुगीला त्याच्या पदरात धान्य घालतो. राखण हे श्रमाचे काम आहे आणि श्रमाचा मोबदला द्यायचा असतो, हे आपल्या खेड्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मधुमेही माणूस दिवसातून अनेकदा बोटाला सुई टोचून घेतो, आकडा वहीत लिहितो, त्याप्रमाणे जेवण किंवा इन्सुलिनची मात्रा बदलतो. पूर्वी हे काम इस्पितळातील परिचारिका करीत असे व तिला पगार मिळे. आज ते काम रुग्ण किंवा त्याची आई करते, आणि वर त्यासाठी पैसेही मोजते.

किती पैसे? ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणजे ज्याला टाइप १ मधुमेह आहे, त्याची साखर दिवसातून निदान चार वेळा पाहावी लागते. एक स्ट्रिप बाजारात साधारण दहा ते वीस रुपयांना पडते. सर्वांत स्वस्त धरली तरी दिवसाला चाळीस, महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजार चारशे रुपये झाले. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ चार दिवसांची मजुरी केवळ आकडा पाहण्यासाठी. इन्सुलिन आणि सुया यांचा खर्च आम्ही यात धरलेला नाही. यंत्र स्वस्त आणि स्ट्रिप महाग, हा व्यापाराचा डाव आहे. दिवा स्वस्तात द्यायचा आणि तेलावर कमवायचे.

हा प्रश्न मनात घोळत असताना आम्हाला वारंवार बीड जिल्ह्यातील पाली आठवते. बीडहून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले की हे गाव लागते. जवळच बिंदुसरेचे धरण आहे. दत्ता व संध्या बारगजे या दांपत्याने येथे 'इन्फंट इंडिया' या संस्थेच्या द्वारे एचआयव्हीसह जगणाऱ्या, घरच्यांनी दूर केलेल्या मुलांना घर दिले. या मुलांना आयुष्यभर रोज औषध घ्यावे लागते आणि ते औषध लागू पडते आहे की नाही हे वरचेवर तपासावे लागते. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एचआयव्हीची औषधे सरकारतर्फे विनामूल्य मिळू लागली. रक्तातील विषाणू मोजण्याची महागडी तपासणीही २०१८ पासून देशभर मोफत करण्यात आली. औषध आणि राखण, दोन्ही समाजाने उचलली.

आता त्याच परिसरातील एखाद्या ऊसतोड कुटुंबाचा विचार करा. त्यांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे असे समजू. तिलाही आयुष्यभर रोज औषध घ्यावे लागेल; ते चुकले तर तिचे मरण कितीतरी लवकर ओढवेल. तरी तिच्या स्ट्रिपचा भार घरावरच पडतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी हेच सहा महिने त्यांचे घर. 'घरच्या घरी तपासणी' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फ्रिज, टेबल आणि विजेचा दिवा असलेले घर असते. कोपीत इन्सुलिन थंड ठेवायचे तर पाण्याच्या माठाचा आधार घ्यावा लागतो.

त्या मुलीसाठी सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार मोफत झाले आहेत. म्हणजे रक्ताचा तोच थेंब दवाखान्याच्या बाकावर घेतला तर फुकट, आणि कोपीत घेतला तर विकत! पण दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा आला, एस.टी.चे तिकीट आले. आणि दिवसातून चार वेळा कोण जाणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधारही मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. राखण न झाल्याने मुलगी बेशुद्ध होऊन खाटेवर आली की समाजाची तिजोरी उघडते. ती शुद्धीवर राहावी म्हणून लागणाऱ्या दहा रुपयांसाठी उघडत नाही. मराठवाड्यातील अशा मुलांसाठी डॉ. अर्चना सारडा यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 'उडान' ही संस्था उभी केली. ती इन्सुलिन आणि साखर मोजण्याचे साहित्य पुरवते. पण ते दात्यांच्या बळावर. आणि दात्याचे मन हा काही हक्क नव्हे.

पालीच्या मुलांना जे मिळाले ते त्यांना मिळू नये असे कोण म्हणेल? आम्हाला सलते ते वेगळेच. एका आजाराची राखण सर्वांची आणि दुसऱ्याची ज्याची त्याची, असे का ठरले? आमचे उत्तर फारसे सुखाचे नाही. जो आजार आपल्यापर्यंत येईल अशी भीती वाटते, त्याच्या खर्चाला आपण चटकन हात लावतो. क्षय मोफत, एचआयव्ही मोफत. मधुमेह एकाचा दुसऱ्याला लागत नाही, म्हणून तो 'त्याचा' आजार.

कोरोनाच्या काळात हे आपण सर्वांनी पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. नावात जबाबदारी कुटुंबाची होती, पण दारात येणाऱ्या पथकाच्या हातातील तापमापक आणि ऑक्सिमीटर सरकारचे होते. दिल्लीत त्याच वर्षी घरी राहिलेल्या रुग्णांना ऑक्सिमीटर वापरायला देऊन बरे झाल्यावर परत घेतले जात. इंग्लंडमध्येही त्या वर्षापासून रक्तदाबाची यंत्रे रुग्णांच्या घरी पाठवण्यात आली. भीती होती तोवर राखण सार्वजनिक होती. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक, साखरेचे यंत्र, तापमापक आणि नेब्युलायझर या पाच वस्तूंवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली; सप्टेंबर २०२५ मध्ये साखरेचे यंत्र व स्ट्रिप यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या गोष्टी चांगल्याच झाल्या. परंतु वस्तू स्वस्त करणे म्हणजे ती विकत घेणे हे रुग्णाचेच काम आहे असे मान्य करणे होय.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्ही हलके मानीत नाही. पहिला असा की, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. आमच्या कपाटातील यंत्र हा त्याचा पुरावा म्हणून कोणी दाखवील. पण ते यंत्र पडून राहिले ते फुकट मिळाल्यामुळे नव्हे. त्याच्या पुढचे जे फुकट मिळाले नाही त्यामुळे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी का देऊ नये? आमचे म्हणणे, अवश्य द्यावे. शिवाय ज्याला डॉक्टरांनी सांगितलेले नाही, केवळ हुरहुर म्हणून जो दिवसातून दहादा रक्तदाब पाहतो आणि मनगटावर घड्याळासारखे यंत्र बांधून झोपेचाही हिशेब ठेवतो, त्याची हौस समाजाने पुरवू नये. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ असे मोजून मोजूनच आजारी पडले! हौस आणि उपचार यांतील सीमारेषा आम्ही अशी आखू: ज्या आकड्यावरून औषधाची पुढची मात्रा ठरते, तो आकडा औषधाचाच भाग आहे. औषध देऊन आकडा न देणे म्हणजे गाडी देऊन लगाम काढून घेणे.

तिसरा आक्षेप असा की, एवढा पैसा आणायचा कोठून? येथे आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाकडे पाहावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांच्या न्यूमोनियासाठी श्वास मोजण्याचे एक साधे साधन तयार केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी; दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. निरक्षर दाईलाही ते वापरता येई. पुढे त्यांनी ३९ खेड्यांत आरोग्यदूत स्त्रियांच्या हाती वजनकाटा, तापमापक अशी साधने देऊन नवजात बाळांची घरी जाऊन राखण सुरू केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून देशभरातील 'आशा' ताई अशीच पिशवी घेऊन बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. त्या पिशवीतील काट्याचे पैसे कोणत्याही बाळंतिणीला मागितले गेले नाहीत, आणि कोणी मागावेत असे आपल्या मनातही येत नाही. नवजात बाळाचा अशक्तपणा संसर्गजन्य नाही. म्हणजे भीतीवाचूनही समाज राखण उचलू शकतो. शिवाय तेथे काटा प्रत्येक घराने विकत घेतला नाही, सरकारनेही प्रत्येक घराला वाटला नाही. काटा गावाचा, आणि तो घेऊन येणारी बाई गावाची.

म्हणून आम्हाला वाटते की, यंत्र आणि स्ट्रिप यांचा विचार वेगवेगळा करावा. यंत्र टिकाऊ आहे. ते उसने देता येते, हातोहात फिरवता येते. ते काम आपली धर्मग्रामे, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा, महिला मंडळे करू शकतात. स्ट्रिप वापरली की संपते आणि उद्या पुन्हा लागते. तो भार दानावर चालणार नाही. तो एचआयव्हीच्या गोळ्यांप्रमाणे सरकारने, हक्क म्हणून, गावातील आरोग्य उपकेंद्रातून उचलला पाहिजे, आणि फडावर गेलेल्या कुटुंबाला तो कारखान्याच्या गावीही मिळाला पाहिजे.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिचा शेवट ऐकू येईनासा झाला आहे. जखमा बांधणे, तेल आणि द्राक्षारस ओतणे, आपल्या जनावरावर बसवून नेणे, हे सारे लक्षात राहते. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगतो, हे आपण विसरतो. पट्टी बांधणे एका दिवसाचे होते. त्यानंतरच्या राखणीचा हिशेब त्याने मोकळा ठेवला. जखमी माणसाला त्यातील काही देण्यास त्याने सांगितल्याचे दिसत नाही. लुटारूंनी त्याच्यापाशी काही ठेवलेही नव्हते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, ऑक्सिमीटरच्या किमती भराभर वाढत असताना, आमच्या आळीतील काही घरांनी वर्गणी काढून तीन यंत्रे घेतली. ज्या घरी आजारी असेल तेथे ते द्यायचे, बरे झाल्यावर पुढच्या घरी. दोन यंत्रे फिरत राहिली. तिसरे एका घरात अडकले. आजारी माणूस बरा झाला तरी त्या कुटुंबाला ते सोडवेना. ते घर आमचेच होते. मागायला आलेल्या शेजाऱ्याला आम्ही 'उद्या देतो' म्हणालो आणि तो उद्या चार दिवसांनी उजाडला. त्या शेजाऱ्याने नंतर कधी त्याचा उल्लेख केला नाही.

ती तीन यंत्रे, दोन रक्तदाबमापक आणि वडिलांचे साखरेचे यंत्र आता चर्चच्या कार्यालयातील कपाटात ठेवायचे ठरले आहे. शेजारी एक वही असेल. नेणाऱ्याने नाव लिहायचे, परत करणाऱ्याने सेल तपासून द्यायचे. रक्तदाबमापकांना लगेच मागणी आली. साखरेच्या यंत्राविषयी एका आजीबाईंनी विचारले, 'स्ट्रिप पण मिळतील ना?' त्या स्ट्रिपसाठी आम्ही तूर्त तीन महिन्यांची सोय केली आहे. पुढचे जमलेले नाही.