फलत्याग आणि कर्तेपण

फलाची आसक्ती सोडून कर्म करावे, हा गीतेचा उपदेश प्रत्येक गृहस्थाच्या परिचयाचा आहे. परंतु जे कर्म एका निश्चित फलासाठीच योजिलेले असते, त्याचे धुरीणत्व फलाविषयी उदासीन पुरुषाकडे द्यावे काय? इंग्रज गिर्यारोहक एरिक शिप्टन (१९०७–१९७७) याच्या चरित्रात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

शिखरापेक्षा शिखराकडे नेणारी अज्ञात वाट त्याला अधिक प्रिय होती. १९३४ साली टिलमन व तीन शेर्पा यांच्यासह ऋषिगंगेच्या घळीतून तो नंदादेवीच्या अंतःप्रदेशात पोहोचला. ते शिखर १९३६ मध्ये टिलमन व ओडेल यांनी गाठले. १९३५ साली दार्जिलिंगला त्याने तेनसिंग नावाच्या एका नवख्या तरुणास भारवाहक म्हणून निवडले. १९५१ साली एव्हरेस्टचा नेपाळकडील मार्ग शोधताना हिलरीला सोबत घेतले, आणि पुमोरीच्या उतारावरून खुंबूच्या हिमप्रपातातून वर जाणारी वाट हेरली.

१९५३ च्या मोहिमेचे नेतृत्व प्रथम त्यालाच देऊ केले होते. मोठा लवाजमा व चढाओढ आपणास रुचत नाही, हे १९५२ मध्ये त्याने स्वतःच समितीला सांगितले. नेतृत्व जॉन हंटकडे गेले. सहनेतृत्व शिप्टनने नाकारले. २९ मे १९५३ रोजी शिखरावर उभे राहिले ते हिलरी व तेनसिंग!

दिलेला शब्द फिरविण्याची समितीची रीत शोभादायक नव्हे. तथापि निर्णय अन्यायाचा होता, असेही म्हणवत नाही. अर्जुनाला विजयाची लालसा सोडण्यास सांगितले गेले, धनुष्य सैल धरण्यास नव्हे. इतरांनी विश्वासाने सोपविलेल्या कार्यात साध्याविषयीची उदासीनता हा फलत्याग ठरत नाही. शिवाय नेतेपद जाताच शिप्टनला तीव्र दुःख झाले. फळ नको म्हणणाऱ्यालाही कर्तेपण हवे होते. फळावरून उठलेली आसक्ती पुष्कळदा तेथेच जाऊन बसते, आणि ती ओळखणे अधिक कठीण.

पुढची काही वर्षे हलाखीची गेली. संसार मोडला, काही काळ त्याने जंगलात मजुरीही केली. १९५८ पासून तो दक्षिण अमेरिकेतील पातागोनियाकडे वळला. तेथे जिंकावयास एव्हरेस्ट नव्हते, नेमणूक करणारी समितीही नव्हती. १९६० च्या अखेरीस, वयाच्या ५३ व्या वर्षी, तीन सोबत्यांसह तो तेथील वादळी हिमपठारावर चढला, आणि १९६१ च्या आरंभी ते ओलांडून दक्षिणेकडे उतरला.