गावाच्या गळ्याला बेतलेलं

गावच्या गायकवृंदासाठी नवी उपासना-रचना करायला बसलं की देवाच्या आधी माणसांचा हिशेब मांडावा लागतो. वरच्या पट्टीत कोण टिकतं, तालमीला कोण नेमाने येतं, स्वरलिपी कोणाला वाचता येते. मग बहुतेक संगीतकार सगळंच सोपं करून टाकतात, आणि रचना मिळमिळीत होते.

इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 'नोयेज फ्लड' या संगीतिकेत ही वाट धरली नाही. कथा नोहाच्या तारवाची, शब्द चेस्टरच्या जुन्या धर्मनाट्यातले. पहिला प्रयोग १८ जून १९५८ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, ऑर्फर्डच्या चर्चमध्ये झाला. मोजके व्यावसायिक कलावंत सोडले तर गाणारी-वाजवणारी बहुतेक मुलंच. व्हायोलिनवाल्या मुलांचे त्याने कुवतीप्रमाणे गट पाडले आणि अगदी नवशिक्यांना मोकळ्या तारांवरचे स्वर दिले. भजनात टाळ धरणाऱ्याला राग कुठला ते कोणी विचारत नाही, पण त्याच्यावाचून भजन उभंही राहत नाही, तसंच हे. पावसाच्या पहिल्या थेंबांसाठी चहाचे मग आहेत. लहानमोठे मग दोरीला ओळीने टांगायचे आणि लाकडी चमच्याने वाजवायचे. ही युक्ती ब्रिटनची सहकारी इमोजेन होल्स्ट हिची. स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. थेंब खरोखर टपटपतात.

पण मला खरं धाडस वाटतं ते वादळाच्या प्रसंगात. संगीत चढत चढत शिगेला पोचतं, आणि नेमक्या त्या जागी ब्रिटनने गायला लावलं आहे समोर बसलेल्या मंडळीला, म्हणजे ज्यांची तालीम झालेली नाही अशांना! समुद्रावर संकटात सापडलेल्यांसाठीचं ते जुनं स्तोत्र त्यांना लहानपणापासून पाठ असतं, त्यामुळे ते निभावतं. शिवाय सफोकच्या याच किनाऱ्यावर ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र लोकांच्या घरांत शिरला होता. पूर म्हणजे काय, हे त्यांना बायबल उघडून वाचायला नको होतं.

प्रयोग चर्चमध्ये किंवा एखाद्या मोठ्या सभागृहात करावा, नाट्यगृहात नको, अशी ब्रिटनची सूचना होती. बरोबरच आहे. तिकीट काढून ऐकायला आलेल्या माणसाला ऐन वादळात उठवून गायला कोण लावणार?