सायकलीची अंघोळ

माणसाने रोज अंघोळ करावी की नाही यावर मतभेद असू शकतात. पण सायकलीने करावी की नाही, हा प्रश्न परभणीत निघाला की सरळ नीतिशास्त्रात शिरतो.

आमच्या चिरंजीवांची सायकल ‘माउंटन बाइक’ आहे. डोंगर पाहायचा तर जिल्ह्यात जिंतूरकडे जावं लागतं. बाकी बहुतेक सगळी काळी, सपाट जमीन. पण ही माती डोंगरालाही भारी! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतला गेला, त्याचा खडक झाला, खडक झिजून ही माती झाली. एवढा खटाटोप करून आलेली माती सायकलीला सहजासहजी कशी सोडील? पावसाळ्यात शेतरस्त्याने दोन फर्लांग गेलात की चाक फिरायचं थांबतं, आणि जिच्यावर बसून निघालात तिलाच खांद्यावर बसवून घरी आणावं लागतं.

घरी आल्यावर चिरंजीव बोअरची मोटर चालू करतात आणि नळीने अर्धा तास अभिषेक!

“अरे, पाणी!”

“बोअर आपलं, मोटर आपली, बिल आपण भरतो. मग पाणी कुणाचं, बाबा?”

बी.कॉम. झालेल्या माणसाला हे विचारू नये. मी दिवसभर बँकेत नोटा मोजतो. हाताला त्यांचा वास लागतो, पण त्यातला एक रुपया माझा नसतो. ठेव ही बँकेच्या ताळेबंदातसुद्धा ‘देणं’ म्हणूनच लिहितात. जमिनीखालचं पाणी म्हणजे अख्ख्या गल्लीचं जॉइंट खातं; आमच्याकडे फक्त चेकबुक. खातं कोरडं पडलं की काय होतं, ते शेजारच्या लातूरने २०१६ च्या एप्रिलमध्ये पाहिलं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत सायकल धुण्याचं नाव काढायची कुणाची छाती होती?

“मग गंजू देऊ का?” चिरंजीव म्हणाले. “नवी साखळी करायला कारखान्यात पाणी लागत नाही?”

मुद्दा बिनतोड होता. तो मी जमेच्या बाजूला लिहून घेतला.

पण आमच्या मातीचा एक सद्‌गुण आहे. भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच स्वभावामुळे. तेव्हा सायकल वाळू द्यावी. मग बांबूच्या कामटीने टोचलं की ढेकळं आपोआप सुटतात. उरलेलं नारळाच्या शेंडीने घासावं, ओल्या फडक्याने पुसावं. तांब्याभर पाणी पुरतं. नळीच्या जोरदार धारेने उलट चाकाच्या आसातलं ग्रीस निघतं आणि छर्‍यांत रेती शिरते. नीती आणि यंत्रशास्त्र यांचं एकमत होण्याचा असा योग क्वचित! साखळीला मात्र वाळायची सवलत नाही. ती त्याच दिवशी डिझेलच्या फडक्याने पुसायची, दर कडीला तेलाचा थेंब द्यायचा आणि वरचं तेल टिपून घ्यायचं. नाहीतर धूळ तिथे बिर्‍हाड करते.

हे सगळं मी ओसरीत उभं राहून सविस्तर समजावून सांगितलं. चिरंजीवांना पटलंसुद्धा. सायकल दोन दिवस ओसरीतच वाळत होती.

तिसर्‍या दिवशी ही बाहेर आली. हातात पोछा.

“तुमचं तांब्याभर पाणी कळलं. फरशी पुसायला मला दीड बादली लागली. ती कुठल्या खात्यात टाकू?”

मी जमेच्या बाजूला पाहिलं, नावेच्या बाजूला पाहिलं. चिरंजीव तोवर उठले आणि माळ्यावरचं गव्हाचं रिकामं पोतं आणून त्यांनी सायकलीखाली अंथरलं.