सेवा आणि तिचा हिशेब

परोपकार ही गोष्ट चांगली, याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. मतभेद होतो तो परोपकाराची मोजदाद सुरू झाली म्हणजे. महाविद्यालयांतील विद्यार्थी वृद्धाश्रमांत सेवेसाठीं जातात, तेथें घालविलेले तास वहींत मांडले जातात, त्या वहीवर अधिकाऱ्याची सही होते, आणि वर्षाअखेर त्या तासांचें प्रमाणपत्रांत व कोठें कोठें गुणांतही रूपांतर होतें. हें पाहून कित्येक सुज्ञ गृहस्थ हंसतात व म्हणतात, ‘ही कसली सेवा? हा तर सौदा!’ उलटपक्षीं उत्साही मंडळींस असें वाटतें कीं, तरुण मुलें वृद्धांच्या दाराशीं गेलीं, एवढ्यानेंच सर्व कांहीं साधलें. आमच्या मतें या दोन्ही पक्षांची दृष्टि मूळ प्रश्नावरून ढळली आहे. तो प्रश्न कोणता, हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्या योजनेमुळें हा प्रघात सर्वत्र रूढ झाला ती राष्ट्रीय सेवा योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांतून सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झाली. स्वयंसेवकानें वर्षास १२० तास याप्रमाणें दोन वर्षांत २४० तास समाजकार्यास द्यावे, असा तिचा दंडक आहे. आरंभीं या कार्याचें स्वरूप बहुधा खेड्यांतील रस्ते, विहिरी, वृक्षारोपण व साक्षरता असें होतें. पुढें शहरांतील वृद्धाश्रमही त्यांत आले. आणि यांत नवल नाहीं. २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षांवरील माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. त्यापूर्वींच, २००७ सालीं, आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाचा कायदा झाला होता. आणि प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असें एक तरी गृह असावें, अशी कल्पना त्यांत नमूद आहे. जी जबाबदारी पूर्वीं घराच्या उंबरठ्याआड होती ती कायद्याच्या पुस्तकांत आली, तेव्हां ती अभ्यासक्रमांतही यावी हें क्रमप्राप्तच होतें.

आतां सुज्ञांचा आक्षेप पाहूं. हेतु शुद्ध नसेल तर कृति शुद्ध कशी, असें ते विचारतात. परंतु शुद्ध हेतु घेऊन कोणी जन्मास येत नाहीं. लहानपणीं आपण वडील माणसांच्या पायां पडलों तें आदर उत्पन्न झाला म्हणून नव्हे, तर आईनें डोळे वटारले म्हणून. आदर मागाहून आला. घरें बांधून बांधूनच मनुष्य गवंडी होतो, तद्वत् न्यायाचीं कृत्यें करूनच तो न्यायी होतो, असें ॲरिस्टॉटलनें फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. गुणांच्या लोभानें मुलगा वृद्धाश्रमाच्या फाटकापर्यंत गेला तर जाऊं द्यावा. आंत एकाद्या आजोबांना हात धरून न्हाणीघरापर्यंत न्यावें लागलें, म्हणजे गुणांचा विचार फार वेळ मनांत टिकत नाहीं. त्या वेळीं लक्ष पावलांकडे द्यावें लागतें.

तेव्हां हेतूचा आक्षेप आम्हांस फारसा जड वाटत नाहीं. जड आहे तो निराळाच. हें सर्व चाललें आहे कोणासाठीं? विद्यार्थ्याच्या मनाचा विकास व्हावा, त्यास समाजाचें दर्शन घडावें, त्याच्या ठिकाणीं करुणा उपजावी, असे या उपक्रमाचे हेतु अहवालांतून नमूद केलेले असतात. ते उत्तम आहेत. पण ते सर्व विद्यार्थ्याच्या बाजूचे आहेत. मनुष्यास केवळ साधन म्हणून कधीं वागवूं नये, असें कांटनें १७८५ सालीं प्रतिपादिलें. त्या कसोटीस हा उपक्रम लावून पाहिला तर वृद्ध मनुष्य ही तरुणांनीं करुणेचे धडे गिरविण्याची पाटी ठरण्याचा धोका स्पष्ट दिसतो. १ ऑक्टोबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघानें १९९० सालीं वृद्धांचा म्हणून ठरविला. त्या दिवशीं किंवा दिवाळीच्या सुमारास एकाद्या आश्रमांत जाऊन बसावें. सकाळीं एक तुकडी येते, दुपारीं दुसरी. फळें वाटलीं जातात, गाणीं होतात, छायाचित्रें निघतात. एकाच आजीबाईंना आपली कहाणी, तींतील सगळ्या दुःखासह, दोनदां तीनदां सांगावी लागते, आणि प्रत्येक वेळीं ऐकणाऱ्याचे डोळे ओलावले म्हणजे त्याचें सांत्वनही त्यांनाच करावें लागतें. येथें सेवा कोण कोणाची करीत आहे, हा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडेल.

तैत्तिरीय उपनिषदांत अध्ययन संपवून घरीं निघालेल्या शिष्यास गुरूनें केलेला उपदेश आहे. आजच्या पदवीदान समारंभांतील भाषणाचाच तो पूर्वज. त्यांत दान करावें एवढेंच सांगून आचार्य थांबत नाहींत; तें कसें करावें हेंही सांगतात. श्रद्धेनें द्यावें, आणि लज्जेनें द्यावें, असें ते म्हणतात. देणाऱ्यानें लाजावें कशाला? आम्हांस वाटतें, देणारा उभा असतो व घेणारा बसलेला असतो, या विषमतेचीच ती लाज आहे. ती ज्यास वाटते तो छायाचित्र काढण्यापूर्वीं विचारतो, खोलींत शिरण्यापूर्वीं दारावर टकटक करतो, आणि ‘आजी, तुम्हांला काय हवें?’ असें विचारण्याऐवजीं ‘आजी, बसूं का?’ असें विचारतो.

या सेवेंत आणखी एक गोष्ट अशी आहे कीं, जी रस्ता बांधण्याच्या श्रमदानांत नाहीं. रस्ता ‘पुन्हां केव्हां येशील?’ असें विचारीत नाहीं. झाड लावणारा मुलगा परत आला नाहीं तरी दुसऱ्यानें घातलेल्या पाण्यावर तें वाढतें. वृद्ध मनुष्याचें तसें नाहीं. समजा, एक निवृत्त शिक्षक आहेत. दृष्टि गेली आहे. एक विद्यार्थी दर शनिवारीं येऊन त्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवितो. त्याचे तास भरेपर्यंत हा क्रम चालतो. पुढच्या शनिवारीं विद्यार्थ्याच्या वहींत कांहीं उणें राहिलेलें नसतें. पण गुरुजी मात्र चहा लवकर घेऊन, धुतलेला सदरा घालून खुर्चींत बसलेले असतात. त्या दिवसाचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा? सेवेचा आरंभ ऐच्छिक असतो हें खरें, परंतु दुसरा मनुष्य आपली वाट पाहूं लागला कीं तिचें ऐच्छिकपण संपतें व तिचें कर्तव्यांत रूपांतर होतें. आमच्या मतें या विषयाचें मर्म तें हेंच. म्हणून किती दिवस येणार हें पहिल्याच दिवशीं सांगावें, सांगितल्याप्रमाणें यावें, आणि शेवटच्या दिवशीं निरोप घेऊन जावें. चाळीस जणांनीं एकदां जाण्यापेक्षां चौघांनीं वर्षभर जावें.

यावर कोणी म्हणेल, ‘घरची आजी एका खोलींत एकटी, आणि नातू निघाला परक्या आजीच्या सेवेला!’ हा टोमणा वाजवी आहे. जवळचें कर्तव्य टाकून दूरच्या कर्तव्याकडे धांवणें सोपें असतें, कारण दूरच्या कर्तव्याची वेळ आपण ठरवितों, घरच्या आजीची हांक वेळ पाहून येत नाहीं. परंतु यावरून परक्याची सेवा व्यर्थ ठरत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं ऋणांची जी कल्पना केली तींत एक सूक्ष्म गोष्ट आहे. ऋषींचें ऋण ऋषींस परत करावयाचें नसतें. तें अध्ययनानें फिटतें. पितरांचें ऋण संततीच्या रूपानें फिटतें. म्हणजे घेतलें एकापासून व दिलें दुसऱ्यास, तरी ऋण फिटतें. ज्यांनीं आपणांस शिकविलें, ज्यांनीं आपल्या गांवचे रस्ते बांधले, दवाखाने चालविले, ते कोण व कोठें आहेत हें आपणांस ठाऊक नसतें. त्यांतील कोणी एक त्या आश्रमाच्या खाटेवर नसेल कशावरून?

सेवा ही अशी ऋणफेड मानली म्हणजे तासांच्या वहीचाही अर्थ पालटतो. कर्ज फेडणाऱ्याचा कोणी सत्कार करीत नाहीं; त्यास पावती मिळते, आणि तिचा त्यास अभिमान वाटत नाहीं, हायसें मात्र वाटतें. विद्यापीठानें पावती द्यावी. विद्यार्थ्यानें ती पदक म्हणून मिरवूं नये.

हा विषय केवळ निराधारांचा आहे, असेंही आमच्या वाचकांनीं समजूं नये. मुलगा परदेशीं, मुलगी दुसऱ्या शहरीं, पेन्शन वेळेवर येत आहे, आणि तरीही स्वेच्छेनें वा नाइलाजानें आश्रमांत राहावयास गेलेलीं अशीं आपल्याच वर्गांतील माणसें आपल्या परिचयाचीं आहेत. त्यांस फळांची उणीव नसते. ठरल्या वेळीं येणाऱ्या पावलांची असते.

म्हणून वृद्धाश्रमांतून परतलेल्या मुलास वा मुलीस ‘किती तास झाले?’ असें आईबापांनीं विचारूं नये. ‘पुन्हां केव्हां जाणार आहेस, आणि तें त्यांना सांगून आलास का?’ असें विचारावें.