भोग आणि धूर

सासूबाईंना दमा. रात्रभर भिंतीला टेकून बसायच्या, छातीत पावा वाजल्यासारखी घरघर. "मागच्या जन्मीचे भोग, बाई," म्हणायच्या. मीही मान डोलवायची. मग जामखेडला, आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनं १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावची आरोग्यसेविका म्हणून शिकले, अन् घरी येऊन पहिल्यांदा चुलीकडे नीट बघितलं. खिडकी नाही, पत्र्याला काजळीचा थर, ओल्या तुराट्या, गोवऱ्या. धुरानं श्वासनळ्या सुजतात, आवळतात. देव मी मानते, मंगळवार धरते. पण प्रारब्धाला नेमकी आमचीच वस्ती कशी सापडते? गॅसवाल्या घरांत पापं कमी झाली होती का? सासूबाईंना हे पटलं नाही. पंप मात्र घ्यायच्या. आधी कपाळाला लावून, मग तोंडात.